वाटाण्यानंतर मेंडेलने काय केलं?

दहावीच्या पुस्तकातला मेंडेल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मठात राहणारा एक ख्रिस्ती साधू बागेत वाटाणे लावतो, गोल दाणे किती आणि सुरकुतलेले किती ते मोजतो, ३:१ हे गुणोत्तर शोधून काढतो आणि जगाला त्याचा पत्ता लागायच्या आत मरून जातो. चार चौकटी आखल्या की प्रश्नाचे पूर्ण मार्क. पुढे आपण इंजिनिअरिंगला जातो आणि मेंडेल तिथेच राहतो.

मला बरेच दिवस एक साधा प्रश्न पडला होता. वाटाण्याचे प्रयोग संपले तेव्हा हा माणूस जेमतेम चाळिशीत होता. गेला १८८४ साली. मग मधली वीस वर्षं तो काय करत होता? गेले दोन-तीन शनिवार-रविवार याचं उत्तर शोधण्यात गेले, आणि जे सापडलं ते मला तरी वाटाण्यापेक्षा जास्त रंगतदार वाटलं.

या प्रश्नाचं एक चटपटीत उत्तर सगळीकडे फिरतं. ते असं: मेंडेलने आपला पेपर म्युनिकच्या कार्ल नेगेली या बड्या प्रोफेसरला पाठवला. प्रोफेसरला तो कळलाच नाही. तो म्हणाला, वाटाणे पुरे, आता माझ्या आवडत्या हॉकवीडवर काम कर. हॉकवीड नेमकं असं झाड निघालं की मेंडेलचे नियम त्याला लागूच पडेनात. बिचारा खचला, संशोधन सोडलं आणि मठाधिपती होऊन बसला. आयटीतल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. भलता प्रोजेक्ट गळ्यात मारणारा मॅनेजर आपल्याला काही नवीन नाही :-)

पण ही गोष्ट निम्मी खोटी आहे. खरी गोष्ट आहे ती परागकणांची, आणि परागकणांशिवाय बी धरणाऱ्या एका फुलाची.

आधी वाटाण्याचं थोडक्यात सांगतो. ग्रेगॉर मेंडेल ब्र्युन शहरातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमधल्या मठात राहायचा. १८५६ ते १८६३ या काळात त्याने सुमारे २८,००० वाटाण्याची रोपं हाताळली. वाटाणाच का? तर त्याचं फूल पाकळ्यांत बंद असतं आणि उमलायच्या आधीच स्वतःच्या परागाने फळतं. बाहेरचा पराग सहसा आत शिरत नाही. संकर करायचा तर कळी हलकेच उघडायची, पुंकेसर खुडून टाकायचे आणि दुसऱ्या रोपाचा पराग आणून लावायचा. इनपुट पूर्ण आपल्या ताब्यात.

गोल दाण्याचं रोप आणि सुरकुतलेल्या दाण्याचं रोप यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्यातल्या २५३ रोपांना स्वतःच्याच परागाने फळू दिलं, तेव्हा ७,३२४ दाणे आले. ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे पहिली पिढी एकसारखी आणि दुसऱ्या पिढीत फाटाफूट. यामागे मेंडेलने एक गृहीत धरलं होतं: एक परागपेशी आणि एक अंडपेशी मिळून एक बी होतं, आणि प्रत्येक पेशी दोनांपैकी एकच गुण घेऊन येते. हे गृहीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८६५ साली ८ फेब्रुवारी आणि ८ मार्चला त्याने हे काम ब्र्युनच्या निसर्गविज्ञान मंडळात वाचून दाखवलं, १८६६ साली ते छापून आलं. त्याच्या ४० प्रती त्याने मागवून घेतल्या. त्यातली एक ३१ डिसेंबर १८६६ च्या पत्रासोबत नेगेलीला गेली.

आणि इथेच चटपटीत गोष्टीचा पाया ढासळतो. त्या पहिल्याच पत्रात मेंडेल स्वतःहून सांगतो, की पुढच्या प्रयोगांसाठी मी हॉकवीड, सर्शियम आणि जिअम या वनस्पती घेतल्या आहेत, आणि त्यांच्या जाती ओळखायला मला तुमची मदत हवी आहे. म्हणजे प्रोजेक्ट कोणी गळ्यात मारला नव्हता. त्याने तो स्वतः उचलला होता, आणि हॉकवीडमधला सर्वात जाणता माणूस कोण ते शोधून त्याला गाठलं होतं.

हॉकवीडच का, याला कारण होतं. काही संकरित झाडं पिढ्यानपिढ्या तशीच राहतात, त्यांच्यात फाटाफूट होत नाही, असं आधीच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं. मेंडेलने वाटाण्याच्या पेपरच्या शेवटी याची दखल घेतली होती. हे खरं असेल तर प्रकरण मोठं होतं, कारण अशा न फुटणाऱ्या संकरांतून नवीन जाती तयार होऊ शकतात. डार्विनचं पुस्तक १८५९ साली आलेलं होतं. आणि हॉकवीडमध्ये एकीकडे झुकणारे, दुसरीकडे झुकणारे, अधलेमधले इतके प्रकार होते की जाती नेमक्या किती यावर वनस्पतिशास्त्रज्ञांची भांडणं व्हायची. आपला नियम जिथे मोडण्याची शक्यता सर्वात जास्त, तिथेच मेंडेल तो तपासायला निघाला. आमच्याकडे टेस्टिंगमधले चांगले लोक हेच करतात.

नेगेली अगदीच निर्दोष होता असं नाही. त्याचं उत्तर दोन महिन्यांनी आलं, आणि त्याचा सूर असा की तुमचं काम संपलेलं नाही, आता कुठे सुरू झालंय. मेंडेलने त्याला वाटाण्याच्या बियांच्या १४० पुड्या पाठवल्या. पण १८८४ साली, मेंडेल गेला त्याच वर्षी, नेगेलीचा उत्क्रांतीवरचा जाडजूड ग्रंथ आला, त्यात मेंडेलचं नावही नाही. हे त्याच्या खात्यावर राहणारच. मात्र हॉकवीडची रोपं त्याने पाठवली आणि पत्रव्यवहार सात वर्षं चालू ठेवला, हेही खरं.

आता हॉकवीडकडे येऊ. हे सूर्यफूल-झेंडूच्या कुळातलं. झेंडूचं एक फूल आपण म्हणतो ते खरं तर चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो, तसंच हेही. प्रत्येक चिमुकल्या फुलात परागकोशांची बारीक नळी, आणि तिच्या आतून स्त्रीकेसर वर येतो. संकर करायचा तर ती नळी पराग सांडायच्या आत सुईने काढायची, स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही, आणि हे एकेका फुलाला करायचं. उजेड पुरेना म्हणून मेंडेलने आरसा आणि भिंग लावून प्रकाश फुलावर पाडला. १८६९ साली त्यापायी त्याचे डोळे इतके दुखावले की काम काही महिने थांबवावं लागलं. मठाधिपती तो त्याच्या आधी, ३० मार्च १८६८ लाच झाला होता. म्हणजे खचून मठाधिपती झाला हा क्रमही उलटा. मठाचा कारभार सांभाळून तो हे डोळेफोडीचं काम करत होता.

इतकं करून हाती आले ते मोजके संकर. आणि त्यांचं वागणं वाटाण्याच्या बरोबर उलटं. वाटाण्यात पहिली पिढी एकसारखी, इथे एकाच आईबापांची पहिल्या पिढीतली मुलं एकमेकांपासून वेगळी. वाटाण्यात दुसऱ्या पिढीत फाटाफूट, इथे प्रत्येक संकराची पुढची संतती अगदी त्याच्यासारखी. ३:१ वगैरे काहीच नाही. शिवाय एक वेगळी कटकट होती. बाहेरचा पराग लावूनही बरीच रोपं थेट आईसारखीच निघायची. मेंडेलने त्याचा अर्थ असा लावला, की पुंकेसर काढताना थोडा स्वतःचाच पराग लागून गेला असणार.

९ जून १८६९ रोजी तो पुन्हा त्याच मंडळासमोर उभा राहिला आणि हे सगळं वाचून दाखवलं. १८७० साली ते छापूनही आलं. वाटाण्यात जे दिसलं त्याच्या नेमकं उलट इथे दिसतंय, हे त्याने स्वच्छ लिहिलं. आकडे थोडे आहेत, निष्कर्ष काढायची घाई नको, हेही लिहिलं.

मी इथे थोडा थांबलो. आपल्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या कामाच्या विरुद्ध जाणारा डेटा, आणि तोही कोणी मागितलेला नाही. ब्र्युनमध्ये त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं. वाटाण्याचा पेपर वाचून कोणी भारावलंही नव्हतं, की आता प्रतिमा जपायला हवी. गप्प राहता आलं असतं. त्याने छापलं.

बरं, तो हरला होता का? तर नाही. जुलै १८७० च्या पत्रात तो नेगेलीला कळवतो, की स्टॉक नावाचं फुलझाड, मका आणि गुलबक्षी या तिन्हींचे संकर वाटाण्यासारखेच वागतात. म्हणजे आपला नियम वाटाण्यापुरता नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्यासमोर दोन प्रकारची वागणूक होती आणि दोन्हींचे पुरावे होते. दोन्हींना जोडणारा धागा तेवढा सापडत नव्हता.

याच पत्रात गुलबक्षीचा एक सुंदर प्रयोग आहे. नोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामावरून डार्विनचं मत असं होतं, की एका बीजांडाच्या फलनाला एक परागकण पुरत नाही, बरेच लागतात. तसं असेल तर मेंडेलचं सगळं गणितच कोसळतं. एका बीला तीन-चार बाप असतील तर कसलं ३:१? म्हणून त्याने नोदँचंच झाड घेतलं. गुलबक्षीचे परागकण बरेच मोठे असतात आणि एका फुलात एकच बी धरतं. अशा फुलांवर त्याने प्रत्येकी मोजून एकच परागकण ठेवला. चांगली भरलेली १८ बियाणी मिळाली, आणि त्यांची रोपंही झाली. एक परागकण पुरतो, विषय संपला. सूक्ष्मदर्शकातलं मोठं तंत्र काही नाही, फक्त प्रश्न बरोबर विचारला होता.

माझ्या मते सगळी गोष्ट इथे येऊन ठेपते. परागकणाबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला, पराग जिवंत आहे का, तो फलन करू शकतो का? दुसरा, बी धरायला झाडाला पराग लागतो का? आपल्याला वाटतं की दोन्ही एकच. पराग सकस तर बी, पराग वांझ तर बी नाही. वाटाणा आणि गुलबक्षी या दोघांत ते तसंच आहे. पहिल्या प्रश्नाला आज सोप्या चाचण्या आहेत. अ‍ॅसिटोकार्मिनसारखा रंग घातला की सकस कण भरलेले आणि लाल दिसतात, वांझ कण चिपाडासारखे फिके. किंवा साखर आणि बोरॉनच्या द्रावात ठेवून परागनलिका फुटते का ते बघायचं. पण यातली कुठलीच चाचणी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची चाहूल मेंडेलच्या आधीच लागली होती. १८२९ साली ऑस्ट्रेलियातून लंडनजवळच्या क्यू बागेत एका झुडपाची तीन रोपं आली. तिन्ही मादी. इंग्लंडभर त्याचं नर झाड नव्हतं. तरी बिया धरत, आणि त्या उगवतही. बागेतल्या जॉन स्मिथने हे १८३९ साली लिनियन सोसायटीसमोर मांडलं. काहींनी मान्य केलं, काहींनी कुठूनतरी पराग आला असेल म्हणून शंका घेतली, आणि एकूण ते एक नवल म्हणून बाजूला पडलं. १८७८ साली श्ट्रासबुर्गरने दाखवलं, की त्या बियांमधले गर्भ फलनातून नव्हे तर बीजांडातल्या आईच्याच साध्या पेशींतून तयार होतात.

हॉकवीडच्या कुळाला हा प्रश्न सरळ विचारला गेला तो १९०३ साली, डेन्मार्कमध्ये. राउनकियरने डँडेलियनच्या न उमललेल्या कळ्या घेतल्या आणि वस्तऱ्याने वरचा अर्धा भाग सपकन कापून टाकला. परागकोश गेले, स्त्रीकेसराची टोकंही गेली. आता पराग पडायला जागाच नाही. तरी खाली बिया व्यवस्थित भरल्या. ऑस्टेनफेल्डच्या साथीने हीच युक्ती हॉकवीडवर केली, तिथेही तेच. आरसा नको, भिंग नको, सुई नको. एक वस्तरा. पराग न लागता बी धरण्याच्या या पद्धतीला आज अपोमिक्सिस म्हणतात.

होतं असं: एरवी बीजांडात पेशी विभागताना गुणसूत्रं निम्मी होतात आणि उरलेली निम्मी पराग आणतो. हॉकवीडमध्ये शेजारची एखादी साधी पेशी पुढे सरसावते, निम्मं करण्याची पायरीच गाळते आणि तिच्यातून फलनाशिवाय गर्भ तयार होतो. बी म्हणजे आईची कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. आईसारखी निघणारी ती रोपं मेंडेलच्या सुईच्या निसटण्याने आलेली नव्हती, तर आईच्या नकला होत्या.

खरी मेख पुढे आहे. ही झाडं मादी म्हणून नकला काढतात, पण मेंडेलने वापरलेल्या प्रकारांत पराग मात्र नेहमीसारखा निम्म्या गुणसूत्रांचा आणि सकस असतो. शिवाय काही प्रकार पूर्णपणे फलनानेच बी धरतात, आणि मेंडेलला बरेचसे संकर अशाच एका आईपासून मिळाले. आता जोडून बघा. बाप नकला काढणारा, म्हणजे पिढ्यानपिढ्या मिश्र गुण तसेच साठवून ठेवलेला. त्याचा प्रत्येक परागकण वेगळं मिश्रण घेऊन येणार, म्हणून पहिल्याच पिढीत फाटाफूट. आणि नकला काढण्याचा गुण प्रभावी असल्यामुळे तो बऱ्याच मुलांत उतरणार. अशा मुलाची पुढची संतती त्याच्याच नकला, म्हणून दुसऱ्या पिढीत सगळं एकसारखं.

म्हणजे मेंडेलच्या नियमाविरुद्ध वाटणारे ते आकडे मेंडेलच्याच नियमाने आले होते. अपोमिक्सिस हाही एक गुणच, वाटाण्याच्या सुरकुतीसारखा. तोच त्याच्या वाफ्यांत वाटला जात होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

मेंडेलला यातलं काही कळलं नाही. १८७१ च्या सुमारास हे प्रयोग थांबले. नेगेलीला शेवटचं पत्र नोव्हेंबर १८७३ चं, त्यात झाडांकडे आणि मधमाश्यांकडे लक्ष देता येत नाही याची खंत आहे. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर लावला आणि त्या करासाठी तो शेवटपर्यंत भांडत राहिला. १९०० साली द व्रीस, कॉरेन्स आणि चेरमाक यांनी त्याचं वाटाण्याचं काम पुन्हा उजेडात आणलं. यातला कॉरेन्स नेगेलीचाच विद्यार्थी. १९०५ साली त्यानेच नेगेलीकडची मेंडेलची पत्रं प्रसिद्ध केली. ती नसती तर गुलबक्षीचा प्रयोगही आपल्याला माहीत झाला नसता.

हे सगळं जुनं कवित्व वाटत असेल तर एक आजची गोष्ट सांगतो. आपल्या आजूबाजूला अपोमिक्सिस आहेच. नागपूर संत्र्याचं कलम ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तिच्या बीतून येणारी बरीच रोपं थेट आईसारखी असतात, म्हणून खुंट एकसारखे मिळतात. तिथे बी भरायला पराग लागतो, पण वाढणारा गर्भ बहुधा आईचाच. डँडेलियनमध्ये पराग बराचसा सदोष, तरी बी उत्तम. एकच उत्तर सगळ्या झाडांना लागू नाही.

दुसरीकडे संकरित बियाणं. १९७० साली सी. टी. पटेल यांनी सुरतला एच-४ हा कापसाचा संकर दिला. असं बी तयार करायला मेंडेलसारखंच एकेका कळीतले पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. शेतकऱ्याने आलेल्या पिकाचं बी राखून पेरलं, की दुसऱ्या पिढीत फाटाफूट ठरलेली. म्हणून दरवर्षी नवीन पाकीट विकत. पण संकराला हॉकवीडची विद्या आली तर? डिसेंबर २०१८ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या खांडे, सुंदरेसन आणि सहकाऱ्यांनी भाताच्या झाडाकडून स्वतःच्या नकला असलेलं बी मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ साली फ्रान्समधल्या गटाच्या सहभागाने झालेल्या कामात संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. त्याच वर्षी डँडेलियनमध्ये फलनाशिवाय गर्भ वाढवणारं जनुकही ओळखलं गेलं. उद्या संकरित बी घरी राखता येईल का, आणि आलं तर ते राखायचा हक्क कोणाकडे असेल, हा प्रश्न विदर्भातल्या शेतकऱ्याइतकाच आपल्या ताटाचाही आहे.

असो. संध्याकाळी कुठे कंपाउंडच्या कडेला गुलबक्षी फुललेली दिसली तर खाली पडलेलं एखादं काळं बी उचलून बघा. त्यासाठी एक परागकण पुरला होता. हॉकवीडच्या बीला बऱ्याचदा तोही लागत नाही. मेंडेलने यातली पहिली गोष्ट सिद्ध केली, आणि दुसरीचे आकडे समजले नाहीत तरी लपवून न ठेवता छापून ठेवले.